पाखरांना स्ट्रीक नसते

पक्षी बघण्याचा कोझी गेम बनवतोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘रोज लॉगिन केल्यावर काय मिळणार?’ काही नाही. काही मिळू नये म्हणूनच तर बनवतोय.

मत्तयच्या शुभवर्तमानात, 6 व्या अध्यायात, येशू पाखरांकडे बघायला सांगतो. त्यांच्याकडे धान्याचे साठे नसतात, तरी त्यांचं भागतं. आमचा गेम यातून सुचला. आता त्यातच इन्व्हेंटरी भरायला लावू? स्ट्रीक तुटेल म्हणून रात्री साडेअकराला नोटिफिकेशन पाठवू?

मग ‘रेअर’ आणि ‘लेजंडरी’चा हट्ट. त्याच मत्तयच्या 10 व्या अध्यायात देवाचं लक्ष असतं ते चिमणीवर, बाजारातल्या अगदी स्वस्त पाखरावर. तिला ‘कॉमन’ म्हणून 5 पॉइंट आणि धनेशाला 500, हे गणित मी कोडमध्ये लिहिणार नाही.

चर्चमधल्या काही मंडळींचं वेगळंच: प्रत्येक पक्ष्यामागे एक वचन टाका. म्हणजे खंड्या दिसला की पॉप-अप! प्लेअर ‘स्किप’ दाबणार (आपण सगळेच दाबतो). वचन चिकटवल्याने गेम ख्रिस्ती होत नाही.

आमच्याकडे एवढंच आहे: वसईचं मिठागर आणि कडेला तुम्ही. फोन स्थिर धरलात तर शेकाट्या जवळ येतो, हात हलला की उडतो. कधी दहा मिनिटं कोणीच येत नाही. फोन टेबलावर ठेवून खिडकीबाहेर बघत बसलात तर? चालेल, ती चीटिंग नाही.

‘रिटेन्शन पडेल,’ म्हणतात. पडू दे. पैसे एकदाच घेणार, जाहिरात नाही. म्हणूनच नोकरी सोडता येत नाही, आणि कोड शनिवार-रविवारीच लिहून होतो.