भेट घेणे, भेट देणे

विभक्तीचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवण्यासाठी आम्ही वर्गात एक जोडी फळ्यावर लिहितो. 'साहेबांची भेट घेतली' आणि 'साहेबांनी भेट घेतली'. पहिल्या वाक्यात माणूस माणसाला भेटला. दुसऱ्यात नेमके काय घडले, हे संदर्भाशिवाय सांगता येत नाही. साहेब कोणाला तरी भेटले असतील, किंवा त्यांनी काहीतरी स्वीकारले असेल. वर्गात हशा पिकतो. आमच्या विद्यार्थ्यांना व्याकरण कळण्याआधी व्यवहार कळलेला असतो, हे त्या हशावरून ध्यानात येते.

कारभाराच्या भाषेत हे दोन अर्थ वेगळे ठेवावे लागतात. पहिल्या भेटीची नोंद ठेवायची आणि दुसरीवर मर्यादा घालायची, असे दोन निरनिराळे नियम लागतात. आपल्याकडे दुसरा आहे. पहिला जवळजवळ नाहीच.

माझगावातूनच पाहू. इथले विक्रीकर भवन १ जुलै २०१७ नंतर वस्तू व सेवा कर भवन झाले. तिथे व्यापाऱ्याच्या वतीने विवरणपत्रे भरणाऱ्या कर व्यवसायीला आधी नोंदणी करावी लागते. अर्ज, पात्रता, नोंदणी क्रमांक हे सारे रीतसर असते. म्हणजे कर ठरल्यानंतर दुसऱ्याच्या वतीने कार्यालयात जाणारा इसम सरकारदप्तरी ओळखीचा असतो. पण कर ठरण्यापूर्वी, अमुक वस्तूवरचा दर कमी असावा म्हणून दिल्लीत किंवा मंत्रालयात कोणाच्या तरी वतीने, मोबदला घेऊन बोलणारा इसम कोणत्याच वहीत नसतो. नियम पाळताना मदत करणाऱ्याची नोंद होते. नियम घडवताना मदत करणाऱ्याची मात्र होत नाही. ही विसंगती आम्हांला त्या इमारतीवरून जाताना नेहमी टोचते.

भेटवस्तूंबाबत मात्र नियम तपशीलवार आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हा ग्रंथ साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा जरूर वाचावा. प्रासंगिक भोजन, वाहनातून सोबत नेणे, सामाजिक आदरातिथ्य यांना तो 'भेट' मानत नाही, आणि लगेच बजावतो की ज्याचे काम आपल्या टेबलावर आहे त्याचे वारेमाप किंवा वारंवार आदरातिथ्य टाळावे. लग्न, धार्मिक कार्य अशा प्रसंगी रूढीला धरून आप्तेष्टांनी दिलेले चालते. ठरावीक रकमेच्या वर गेले तर कळवावे लागते. रूढीचे भान ठेवून केलेली ही मांडणी आम्हांला समंजस वाटते. अडचण आहे ती 'रूढी' या शब्दाची. पानसुपारी, चहापाणी, चिरीमिरी, दिवाळीची पोस्त, हात ओले करणे, कागदावर वजन ठेवणे. आमच्या भाषेने या कामी जी समृद्धी दाखवली आहे, तिच्यापुढे नियमकर्त्याची लेखणी तोकडी पडते. नगरसेवकाला तर ही नियमावली लागूच नाही. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असल्यास तो १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार अपात्र ठरतो आणि लाच घेतल्यास १९८८ च्या कायद्यात सापडतो. या दोहोंच्या मधली आंब्याची पेटी कुठे बसते?

आंब्याची पेटी म्हटली की माझगावकराने जरा सावरून बसावे. मुंबईत आंबा म्हणजे माझगावचा, असा एक काळ होता. मारिया ग्रॅहम या बाईंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात इथल्या मूळ झाडाला हंगामात शिपायांचा पहारा असे, आणि शाहजहानच्या काळी दिल्लीपर्यंत आंबे नेण्यासाठी जासूद नेमलेले असत, असे नोंदवले आहे. टॉमस मूरने पुढे 'लाला रूख'मध्ये या आंब्यांना स्थान दिले. ती झाडे गेली. दरबारी आंबा पोचवण्याची चाल राहिली.

आणि दरबार म्हणताच पेशवाईची आठवण अटळ आहे. तेव्हाचा वकील हा खरे तर नोंदलेला मध्यस्थच होता. तो कोणाचा वकील, कोणत्या दरबारी आणि कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असे. त्याला उघडपणे वस्त्रे मिळत. पण त्याच दप्तरांत 'अंतस्थ' हाही शब्द आहे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात दरबारखर्चाची जी हकीकत दिली आहे, ती आम्हांला विलक्षण वाटते. मामलेदार हिशेबात न दाखवता जादा वसुली करून दरबारातल्या मंडळींना आणि हिशेब तपासणाऱ्यांना गप्प करीत. हळूहळू या रकमा ठरून गेल्या, हिशेबात चढल्या आणि इतर खर्चाप्रमाणे तपासल्याही जाऊ लागल्या. मग, लाच तर अजूनही लागतच होती म्हणून, तिच्यासाठी आणखी एक वसुली सुरू झाली. हा नाजूक मामला कोणी खोलात तपासत नसल्याने मामलेदार स्वतःसाठीही भरपूर ठेवून घेत.

नोंदणीच्या विरोधातला सर्वांत जड आक्षेप यातच आहे. मध्यस्थांची वही उघडली की मध्यस्थीला प्रतिष्ठा मिळेल आणि वहीबाहेर दुसरी वही सुरू होईल, असे आमचे काही मित्र म्हणतात. आम्ही हा आक्षेप हसण्यावारी नेत नाही. पण दरबारखर्चाची वही पाहणारे कोण होते? ज्यांना वाटा मिळत होता तेच. ज्या रयतेकडून वसुली होई तिला ती वही कधी दिसली नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात संगणक भाड्याने घेण्याच्या व्यवहारात घोटाळा झाला. न्यायमूर्ती डेनिस बेलामी यांनी चौकशी करून २००५ मध्ये अहवाल दिला आणि २००८ पासून शहराने मध्यस्थांची नोंदवही सुरू केली. कोण, कोणासाठी, कोणत्या विषयावर, कोणत्या पदाधिकाऱ्याशी बोलले हे तिच्यात लिहावे लागते, आणि ती कोणालाही वाचता येते. फरक या शेवटच्या शब्दांत आहे.

आपल्याला तर आपल्याच बाजारपेठेची बातमी परक्या वहीतून कळली आहे. वॉलमार्टने भारतातील प्रवेशासह अनेक विषयांसाठी अमेरिकेत केलेल्या मध्यस्थीच्या खर्चावरून २०१२ च्या डिसेंबरात आपली संसद गाजली, ती तिकडच्या कायद्यानुसार कंपनीने स्वतःच भरलेल्या विवरणांमुळे.

मुंबई पालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, आणि तो अर्थसंकल्प मांडला गेला तेव्हाही प्रशासकच होते. स्थायी समितीत निदान भांडण होते आणि त्याचे इतिवृत्त राहते. प्रशासकाच्या दालनात कोण आले नि गेले याचे इतिवृत्त नसते. भंडारवाड्याच्या जलाशयाखालच्या चाळीतले लोक पाण्याची तक्रार घेऊन ई विभागात गेले, तर त्यांची नोंदणी मागणे मूर्खपणा ठरेल. ते स्वतःसाठी गेले आहेत. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी गेलेल्याचे नाव, त्याच्या धन्याचे नाव आणि विषय, एवढेच लिहावे, आणि ते माहिती अधिकाराचा अर्ज न करता दिसावे, एवढीच आमची मागणी आहे.

हे लिहिताना आमचे हात स्वच्छ आहेत असे म्हणण्याची सोय नाही. काही वर्षांपूर्वी एक तपासणी समिती महाविद्यालयात येणार होती आणि स्वागताचे काम मराठी विभागाकडे आले. मराठी विभागाकडे ते नेहमीच येते. शाल, श्रीफळ, आमच्याच विभागाचा ग्रंथ, एवढे ठरले. मग मे महिना असल्याने एकेक पेटी आंबे. "अहो, पाहुण्यांना रिकाम्या हातांनी कसे पाठवायचे?" असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, आणि त्या क्षणी आम्हांला ते अगदी बरोबर वाटले. पेट्या आम्हीच गाडीत ठेवल्या. एका सदस्यबाईंनी शाल आणि ग्रंथ घेतला, पेटी मात्र उतरवून ठेवायला सांगितली. "अहवाल अजून लिहायचाय, सर," एवढेच त्या म्हणाल्या. ती पेटी नंतर शिक्षकदालनात फोडली गेली. आम्हीही दोन आंबे खाल्ले.