तगरचा माल आणि फिरस्त्याचा पत्ता

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर होते. येथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोच बंदरी जाई. पैठण ते भडोच आणखी वीस दिवस.

म्हणजे एकूण महिनाभराची वाट. व्यापारी स्वतःच फिरतीवर असताना त्याच्या नावचा माल त्याला गाठणार कसा? पिनकोड तर भारतात १९७२ साली आला!

उत्तराचा दुवा इजिप्तमध्ये मिळतो. केरळच्या मुझिरिस बंदराशी होणाऱ्या व्यापारासंबंधी दुसऱ्या शतकातील एक कर्जकरार पपायरसवर टिकून आहे. माल भरवशाच्या उंटवाल्याकडे सोपवावा, वाळवंटातून पहाऱ्यात न्यावा आणि सरकारी कोठारात धनकोच्या मुद्रेखाली ठेवावा, असे त्यात ठरले आहे. पत्ता घराचा नव्हताच. तो माणसाचा आणि मुद्रेचा होता. तगरच्या वाटेचा असा कागद उरलेला नाही, पण एवढा पल्ला याहून निराळ्या विश्वासावर चालला असेल, हे पटत नाही.

म्हणून तेरच्या अवशेषांवर ‘रोमन संपर्क’ एवढीच चिठ्ठी डकवणे अन्यायाचे आहे. तो संपर्क गाडीवानांनी वाहून नेला, आणि त्यांचे एकही नाव उरले नाही. नाव उरले ते शिलाहारांचे: राज्य कोकणात आणि कोल्हापुरात, बिरुद मात्र ‘तगरपुरवराधीश्वर’.