नारळाचे झाड आणि इंटरमिजिएटचे गुण

आम्ही दोघे सहकारी गेली कित्येक वर्षे नागपुरात महाविद्यालयीन वर्गांना मराठी शिकवीत आहोत. चित्रकलेशी आमचा संबंध केवळ प्रेक्षकाचा. तरीही माध्यमिक शाळेतील कलाशिक्षणाविषयी लिहावेसे वाटले, याला आमच्याच वर्गात घडलेला एक साधा प्रसंग कारण झाला.

पदवीच्या पहिल्या वर्षाला वर्णनपर लेखन शिकवताना आम्ही मुलांना खिडकीबाहेरच्या झाडाविषयी दहा ओळी लिहायला सांगितल्या. महिना मार्चचा होता. बाहेर काटेसावर उभी होती; अंगावर पान नाही, फांद्यांच्या टोकांना उरलीसुरली लाल फुले आणि खाली त्याच फुलांचा चिखल. वह्या गोळा केल्या तेव्हा बहुतेकांचे झाड ‘हिरवेगार’ निघाले. ते वाटसरूंना थंडगार सावली देत होते आणि त्यावर पक्षी किलबिलाट करीत होते. लिहिताना खिडकीकडे मान वळवलेली मुले बोटांवर मोजण्याइतकीच होती.

गंमत पुढेच आहे. यातील अनेकांनी शाळेत असताना शासकीय रेखाकला परीक्षा दिली होती आणि काहींना इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणीही मिळाली होती. त्यांतल्या एका मुलीला आम्ही फळ्यावर निसर्गचित्र काढायला सांगितले. तिने सराईत हाताने दोन त्रिकोणी डोंगर काढले, मध्ये अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. आम्ही विचारले, “आपल्याकडे नारळ कुठे पाहिलास?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, निसर्गचित्र असंच असते न!”

या उत्तरात तिचा दोष नाही. तो कुणाचा, याचाच शोध घ्यायचा आहे.

महाराष्ट्रात कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा होतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे ढोबळ स्वरूप असते. या परीक्षांचे ऋण कुणीही नाकारू नये. चित्रांचे एकही प्रदर्शन पोहोचत नाही अशा तालुक्याच्या गावात वस्तूवर पडणारा उजेड आणि तिची सावली यांच्याकडे मुलांचे लक्ष पहिल्यांदा गेले ते या परीक्षांच्या निमित्ताने. पुढे इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीच्या निकालात वाढीव गुण जोडले गेले. 2017 नंतर ‘अ’ श्रेणीला 7, ‘ब’ला 5 आणि ‘क’ला 3 असा हिशेब रूढ झाला. हेतू चांगला होता. परंतु ज्या निकालात अर्ध्या टक्क्यावर अकरावीचा प्रवेश लटकतो, तिथे सात गुणांची किंमत चित्राहून मोठी ठरणारच. शिकवणीवर्ग निघाले आणि त्यांनी परीक्षेचे मर्म अचूक ओळखले. स्मरणचित्रासाठी ठरावीक मानवाकृती घोटून घ्यायच्या: डोक्यावर घागर घेतलेली बाई, छत्रीतला मुलगा, काठी टेकणारे आजोबा, हातगाडीवाला. मग विषय बसथांब्याचा येवो की आठवडी बाजाराचा, याच मंडळींना नव्या जागी उभे करायचे. स्मरणचित्र म्हणजे आपण पाहिलेले आठवून काढायचे चित्र. त्याचे आपण पाठांतर करून टाकले.

विदर्भाच्या संदर्भात ही गोष्ट अधिक खुपते. पळस पेटतो तो आमच्याकडे. मोहाची फुले वेचली जातात ती आमच्याकडे. रामटेकची टेकडी, अंबाझरीचे पाणी, संत्र्यांच्या बागा, मे महिन्याच्या दुपारी रस्त्यावरून नाहीशा होणाऱ्या सावल्या आणि भिंतीबाहेर लोंबकळणारे कूलर हे आमचे दृश्य. यातले काहीही मुलांच्या चित्रात उतरत नाही. उतरतो तो कोकणातला नारळ, आणि तोही छापील. महाल भागात चितार ओळ आहे. नावातच चित्रकार घेऊन बसलेली ही वस्ती गणपतीच्या आधी मातीच्या गंधाने भरून जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते आणि त्यांच्यासोबत त्या वर्षीच्या साऱ्या अनिष्टांची खिल्ली उडवणारे बडगे. बांबू, कागद आणि रंग यांतून उभे राहिलेले असे व्यंगशिल्प शतकाहून अधिक काळ जपणारे हे शहर आहे. पण मारबत हा आमच्या शाळांतील चित्रकलेचा धडा होत नाही, तो फक्त सुटीचा दिवस होतो.

हे घडायलाच हवे होते असे नाही. सय्यद हैदर रझा यांचे कलाशिक्षण मुंबईच्या आधी नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले, आणि गोंदियाच्या शाळेत काही काळ त्यांनी चित्रकला शिकवलीही. मंडल्याच्या जंगलात गेलेले बालपण ते जन्मभर विसरले नाहीत. पॅरिसमध्ये अनेक दशके राहूनही त्यांच्या चित्रांत ते रान पुन्हा पुन्हा परतले. रझा काही शाळेने घडवले असे आमचे म्हणणे नाही. परंतु स्वतःचे रान पाहण्याची सवय मोडली नाही, एवढे तरी त्यांच्या वाट्याला आले.

दुसरे उदाहरण नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरचे. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नयी तालीमचा विचार पुढे आला. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944 मध्ये सेवाग्रामला आले आणि 1962 पर्यंत तिथे मुलांना कला शिकवीत राहिले. ते स्वतः चित्रकार आणि कुंभकाम करणारे कलावंत. मोठ्यांनी आखून दिलेले नमुने गिरवणे म्हणजे कलाशिक्षण नव्हे, मुलाचे पाहणे आणि घडवणे हाच साऱ्या शिक्षणाचा पाया आहे, ही भूमिका त्यांनी पुढे ग्रंथरूपानेही मांडली. आज कलाशिक्षणाचे जे विचार आपण परदेशी पुस्तकांतून उद्धृत करतो, त्यांचा प्रयोग आपल्या अंगणात झाला होता. आपण सेवाग्रामला सहल नेतो, बापू कुटी दाखवतो आणि परततो.

धोरणांच्या कागदावर उणीव नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलेला विषयाचे स्थान मागितले, आणि 2020 च्या शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान यांच्यातली भिंत नको म्हटले. मात्र 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षक येतो तो ‘अंशकालीन निदेशक’ म्हणून, आणि तोही शंभरावर मुले असतील तर. ज्याचे पद अर्धवेळ, त्याच्याकडून मुलाचे पूर्ण लक्ष घडवण्याची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

येथे आमचे चित्रकला शिक्षक मित्र एक आक्षेप घेतात, आणि तो खरा आहे. ते म्हणतात, “गुण आहेत म्हणून मुख्याध्यापक आमच्याकडे पाहतात. उद्या गुण काढा, परवा तास जाईल, तेरवा आम्ही.” म्हणून गुण काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. ते कशाला द्यायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे. दोन दिवसांच्या परीक्षेइतकेच वजन वर्षभराच्या रेखाटनवहीला मिळावे. वही स्वस्त, पेन्सिल स्वस्त. तिच्यात आजीचे हात असावेत, बंद पडलेला कूलर असावा, पानगळीतली सावर असावी. यावर लगेच कुणी म्हणेल की वह्याही विकत मिळतील. विज्ञानाच्या जर्नलचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे. मान्य. पण वर्गात शिक्षकासमोर दर आठवड्याला काढलेली पाने उतरवणे कठीण असते. अट एकच, तो शिक्षक शाळेत पूर्णवेळ असला पाहिजे. तेव्हा प्रश्न फिरून पुन्हा नेमणुकीपाशी येतो, आणि तिथेच तो धसास लावायला हवा.

आता थोडे स्वतःविषयी. त्या मुलीच्या नारळाला हसण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे? ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात पावसाळ्याला ‘हिरवा शालू’ नेसवणारे आम्हीच, आणि तो नेसवला म्हणून गुण देणारेही आम्हीच. ‘हिरवेगार झाड’ हा भाषेतला नारळच होय. मुलाने न पाहता लिहिले आणि आम्ही न वाचता गुण दिले. चित्रकलेचा तास गणिताला देणाऱ्या शाळेला आम्ही दोष देतो. पण पाहण्याची सवय मोडण्याच्या कामात भाषेचा तासही तितकाच सहभागी आहे.

म्हणून यंदा आम्ही आमच्यापुरते एक ठरवले आहे. गणपतीच्या पंधरा दिवस आधी पहिल्या वर्षाचा वर्ग चितार ओळीत न्यायचा, आणि पुढे केव्हातरी अजब बंगल्यात. 1863 पासून शहरात उभे असलेले हे संग्रहालय आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी आतून पाहिलेले नाही. तिथे तासभर काही लिहायचे नाही, फक्त पाहायचे. लिहायचे ते परत आल्यावर.

ज्या मुलीने फळ्यावर नारळ काढला होता, तिने त्याच आठवड्यात सावरीचे झाड काढून आणले. झाड वेडेवाकडे होते, फांद्यांचे प्रमाण चुकले होते. परीक्षकाने त्याला कदाचित ‘क’ श्रेणी दिली असती. पण खोडावरचे काटे तिने एकेक करून काढले होते.