दमाचा हिशेब

संगणकावरील खेळांविषयीं वडीलधाऱ्या मंडळींचें मत सामान्यतः चांगलें नसतें, आणि तें सर्वस्वीं अनाठायीं आहे असें आम्हीही म्हणणार नाहीं. परंतु त्यांतील एका जातीच्या खेळांत अशी एक गोष्ट शिकावयास मिळते कीं, ती प्रत्येक घराच्या कर्त्यानें ध्यानांत घ्यावी. त्या खेळांत स्वतः धावावयाचें नसतें. संघ चालवावयाचा असतो. चेंडू कोणाच्या हातीं केव्हां द्यावा आणि केव्हां काढून घ्यावा, एवढेंच ठरवावयाचें असतें.

अमेरिकेंतील बेसबॉलवर असे खेळ पुष्कळ आहेत. संगणक घरोघर येण्याच्या कितीतरी आधीं, १९६१ सालीं, तेथें ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नांवाचा पत्त्यांचा व फांशांचा खेळ निघाला. बेसबॉलमध्यें आरंभीचा गोलंदाज एकटाच डावामागून डाव चेंडू फेकीत राहतो. सहा चेंडू टाकून बाजूस होण्याची क्रिकेटमधली सोय त्याला नाहीं, आणि एकदां बाहेर काढला कीं त्या सामन्यांत तो परत येत नाहीं. म्हणून अशा खेळांत प्रत्येक गोलंदाजाच्या दमाला मर्यादा घातलेली असते. संगणकावर ती एका पट्टीच्या रूपानें दिसते व चेंडूगणिक आखूड होत जाते.

नवशिका खेळणारा उत्तम गोलंदाजाला शेवटपर्यंत राबवितो आणि जिंकत आलेला सामना घालवितो. जाणता तीन गोष्टी संभाळतो. पहिली, गोलंदाज दमण्याच्या आधींच तो दुसऱ्याला अंग मोकळें करावयास सांगतो. दुसरी, तेच फलंदाज तिसऱ्या फेरीस समोर आले म्हणजे तो सावध होतो. कारण त्यांची नजर बसलेली असते व ह्याचा हात जड झालेला असतो. तिसरी, आजचा थकवा आज संपत नाहीं, तो पुढच्या सामन्याच्या खात्यावर चढतो, हें तो जाणतो. म्हणूनच खऱ्या बेसबॉलमध्येंही पांच गोलंदाजांची पाळी लावून प्रत्येकाला मध्यें चार दिवसांची विश्रांति देण्याची चाल पडली.

खऱ्या मैदानावर मात्र ती पट्टी दिसत नाहीं. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरला १९७८ सालीं जन्मलेले झहीर खान यांनीं २०११ च्या विश्वचषकांत २१ बळी घेतले. त्याच वर्षीं जुलैंत लॉर्ड्सच्या मैदानावर, पहिल्याच दिवशीं, चौदाव्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूनंतर त्यांच्या मांडीमागील स्नायूनें दगा दिला. मग प्रवीण कुमार यांना त्या डावांत चाळीस षटकें ओढावीं लागलीं. यष्टिरक्षक धोनी यांनीं हातमोजे उतरवून स्वतः चेंडू टाकले आणि यष्टीमागें द्रविड उभे राहिले. झहीर त्या मालिकेंत पुन्हां खेळूं शकले नाहींत. मालिका ४-० अशी गेली. एक खांदा निकामी झाला म्हणजे त्यावरचें ओझें नाहींसें होत नाहीं, तें घरांतील इतरांच्या खांद्यांवर वांटलें जातें.

जसप्रीत बुमराह यांनीं ऑस्ट्रेलियांत २०२४-२५ च्या पांच कसोटींत दीडशेंहून अधिक षटकें टाकून ३२ बळी मिळविले. आणि अखेरच्या सिडनी कसोटींत, नेमक्या गरजेच्या वेळीं, पाठ धरल्यामुळें दुसऱ्या डावांत त्यांना एकही चेंडू टाकतां आला नाहीं. पुढें २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यांत पांचांपैकीं तीनच सामने त्यांनीं खेळावे असें आधींच ठरलें. ज्या दोन सामन्यांत ते नव्हते, तेच दोन भारतानें जिंकले! विश्रांति दिली म्हणजे घर बुडतें, या समजुतीला हें चांगलें उत्तर आहे.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत सांगून ठेविलें आहे कीं, बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेंही थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. मग वाढत्या वयाच्या मुलांची गोष्ट काय बोलावी? अमेरिकेंत २०१४ पासून मुलांच्या बेसबॉलसाठीं वयोमानाप्रमाणें मर्यादा सांगितल्या आहेत: नऊ-दहा वर्षांच्या मुलानें दिवसाला ७५, तेरा-चौदाच्यानें ९५ चेंडूंपलीकडे जाऊं नये, आणि चौदापर्यंतच्या मुलानें ६६ वा अधिक चेंडू फेकले तर पुढें चार दिवस फेकूंच नये. क्रिकेटची गोलंदाजी निराळी खरी, पण कोंवळीं हाडें तींच. राहुरीच्या उन्हाळी सुटींत जो मुलगा वेगानें चेंडू टाकतो, त्याला सकाळीं एक संघ नेतो व संध्याकाळीं दुसरा. तो ‘नको’ म्हणणार नाहीं. त्यांतच त्याचा मान आहे. त्याच्या षटकांची मोजणी काकानें वा थोरल्या भावानें ठेवली पाहिजे.

चालत्या बैलालाच पराणी बसते. उसाच्या गाडीचा शहाणा गाडीवान बैलाच्या तोंडाला फेंस येईपर्यंत वाट पाहत नाहीं. त्याचें पाऊल मंदावतांच जूं उतरवितो. एकत्र कुटुंबांतही जी सून पहांटे सर्वांआधीं उठते, तिच्याचकडे आलेला पाहुणा, आजारी सासरा आणि सणाचा स्वयंपाक जातो. जो मुलगा कामाचा, त्यालाच हांक बसते. हीं माणसें दमलों असें सांगत नाहींत, आणि त्यांच्या कपाळीं पट्टी काढलेली नसते. तेव्हां कर्त्यानें विचारण्याची वाट न पाहतां पाळी लावावी, आणि ज्याची पाळी नाहीं त्याला खरोखरच बसूं द्यावें. जो सांगणार नाहीं, त्याचाच हिशेब आधीं ठेवावा.