खिदमतीची कदर

राज्य सरकारचा ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार २००३ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना मिळाला. गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळे दगावत होती. या दांपत्याने गावातल्याच बायकांना शिकवले: बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, न्यूमोनिया ओळखणे. घरीच उपचार मिळू लागले, बालमृत्यू घटले. सन्मान मंचावर झाला. खिदमत मात्र झोपडीत, रात्री-अपरात्री झाली होती.

आपल्या मोहल्ल्यातही बाळंतिणीजवळ जागणारी, मय्यतीला गुस्ल द्यायला धावणारी एखादी खाला असतेच. आम्ही तिला आजवर साधे शुक्रियाही म्हटलेले नाही, हे कबूल करतो. सरकार सन्मान देईल तेव्हा देईल. बंधू-भगिनींनो, आपण आजच तिच्या दारी जाऊ या. मुलांनाही सोबत नेऊ या.