अख्तरीबाईंनी गाणे परत मिळवले

बेगम अख्तर यांना जाऊन अर्धशतक उलटले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. प्रकृती साथ देत नसतानाही त्या तिथे मैफलीला बसल्या होत्या आणि तीच अखेरची ठरली. दर पुण्यतिथीला त्यांच्या गळ्यातल्या दर्दाचे गोडवे गायले जातात. आयुष्यभर सोसले म्हणून गाण्यात ते उतरले, असे सोपे गणित मांडले जाते. आम्हाला हे गणित त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते. सोसणाऱ्या बायका या देशात घरोघरी होत्या. बेगम अख्तर एकच झाली, याचे श्रेय आधी तालमीला द्यायला हवे.

१९१४ साली फैजाबादेत त्यांचा जन्म झाला. वकील वडिलांनी आई मुश्तरीबाईंना आणि मुलींना वाऱ्यावर सोडले. जुळी बहीण लहानपणीच दगावली. पण हलाखीतही मुश्तरीबाईंनी लेकीच्या शिक्षणात हात आखडता घेतला नाही. आधी सारंगिये इमदाद खाँ, मग पतियाळ्याचे अता मोहम्मद खाँ, पुढे किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ असे गुरू तिला मिळाले. म्हणजे गझलेआधी ख्याल पक्का झाला. १९३४ मध्ये बिहारच्या भूकंपग्रस्तांसाठी कलकत्त्यात झालेल्या कार्यक्रमात ‘अख्तरीबाई फैजाबादी’ गायल्या आणि सरोजिनी नायडूंची शाबासकी मिळाली. नंतर ध्वनिमुद्रिका आल्या, चित्रपट आले. मेहबूब खान यांच्या १९४२ च्या ‘रोटी’त त्या दिसल्याही.

त्यांची गझल नीट ऐकावी. स्वतःच पेटी वाजवत त्या शेराचा पहिला मिसरा घेत. तो एकदा सरळ म्हणून झाला की त्यातला एखादाच शब्द उचलायचा, त्याला ठुमरीच्या अंगाने वळवायचे, रागाची नुसती छटा दाखवायची आणि परत पहिल्या मिसऱ्याच्या तोंडाशी यायचे. ऐकणाऱ्याचा जीव दुसऱ्या मिसऱ्यासाठी टांगणीला लागलेला असे. तो मात्र त्या फारसा न सजवता टाकत, आणि शायराचा सगळा अर्थ एकदम उघडा पडे. वरच्या सुरांकडे जाताना त्यांचा आवाज मध्येच चिरत असे. दुसऱ्या कुणाचा असा चिरला असता तर तो दोष ठरला असता. इथे रसिक त्याच जागेची वाट पाहत बसत. तो चिरलेला सूरसुद्धा नेमका स्वरावर असे, आणि हे वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय होत नाही.

आणि हे सगळे एकदा बंद पडले होते. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी त्यांचा निकाह झाला. अब्बासीसाहेब स्वतः काव्याचे रसिक. तरीही खानदानी घरच्या सुनेने गायचे नाही, हा रिवाज मोडला नाही. अख्तरीबाईंच्या बेगम अख्तर झाल्या आणि जवळजवळ पाच वर्षे गप्प राहिल्या. प्रतिष्ठेसाठी गाणे गहाण टाकण्याचा तो सौदा होता. त्यात त्यांची प्रकृती ढासळली. अखेर १९४९ मध्ये लखनौ आकाशवाणीवर त्या पुन्हा गायल्या. आमच्या मते त्यांच्या चरित्रातला सर्वांत मोठा दिवस तोच. घरही ठेवले, गाणेही परत मिळवले. दोन्हींपैकी एकच निवड म्हणणाऱ्या समाजाला त्यांनी मैफलीतून उत्तर दिले.

मराठी माणसाला ही लढाई परकी वाटू नये. गोमंतकातल्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनाही गाण्याइतकाच मानासाठी झगडा करावा लागला. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले तेव्हा बाईच्या गाण्याकडे पाहण्याची नजर बदलू लागली. उत्तरेत ठुमरी, दादरा आणि गझलेच्या बाबतीत तेच काम बेगम अख्तर यांनी पुढे नेले.

मैफली, मानसन्मान, १९६८ ची पद्मश्री, १९७२ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, मरणोत्तर पद्मभूषण हे सारे खरेच. पण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांनी मुलींना शिष्य करून घेणे. शांती हिरानंद, अंजली बॅनर्जी अशा सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना त्यांनी रीतसर गंडा बांधला. ज्या गाण्यापायी त्यांना स्वतःला गप्प बसावे लागले, तेच गाणे या मुली घरच्यांच्या संमतीने, उजळ माथ्याने शिकल्या. शांती हिरानंद गुरूला ‘अम्मी’ म्हणत. त्यांनी अम्मीवर पुस्तक लिहिले आणि २०२० मध्ये जाईपर्यंत ती गायकी पुढच्या मुलींच्या गळ्यात उतरवली.