पुढच्या स्टेशनासाठी चर्चगेटची चक्कर

मंडळी, आजचा विषय जरा आमच्या धंद्यातला आहे. आधी घरच्यांसाठी दोन शब्द. आपला प्रोग्राम बरोबर चालतोय ना, हे तपासायला आम्ही आणखी छोटे प्रोग्राम लिहितो. त्या टेस्ट. दर बदलानंतर त्या चालवायच्या असतात. त्या रेंगाळू लागल्या की माणूस आधी चहाला उठतो, मग हळूहळू टेस्ट चालवणंच सोडतो. वेळ गेला तर गेला हो, पण सवय मोडते ना, ते वाईट!

रुबीवाल्यांचं यावर ठरलेलं औषध म्हणजे प्रीलोडर, म्हणजे सगळा कोड आधीच मेमरीत भरून ठेवायचा. रेल्सने २०१४ साली ४.१ आवृत्तीत स्प्रिंग नावाचा प्रीलोडर सोबतच दिला. पुढे २०२१ च्या रेल्स ७ पासून तो आपोआप मिळेनासा झाला.

पण ज्या प्रकल्पात रेल्स नाहीच, तिथे हे लोढणं कशाला? माझं मत विचाराल तर तिथे प्रीलोडर शोधण्याआधी आपण काय काय लोड करतोय ते बघावं.

बघणं सोपं आहे. आरस्पेक शेवटी दोन आकडे देतो: टेस्ट चालायला लागलेला वेळ आणि फाईली लोड व्हायला लागलेला वेळ. दुसरा आकडा मोठा असेल तर दोष बहुधा स्पेक हेल्परचा. प्रत्येक टेस्टच्या आधी लोड होणाऱ्या या फाईलमध्ये कोणीतरी अख्खा प्रकल्प रिक्वायर केलेला असतो. म्हणजे वसई रोडहून नालासोपाऱ्याला जायचं, पुढचंच स्टेशन, आणि गाडी आधी चर्चगेटला जाऊन येणार!

हेल्पर हलका ठेवा. प्रत्येक टेस्टने आपल्याला लागणारी फाईलच मागावी. जड जेम लागेल तिथेच रिक्वायर करा. पहिला आकडा मोठा असेल तर प्रोफाईल पर्याय सर्वात संथ टेस्ट दाखवतो. तिथे बहुतेक वेळा डिस्क, नेटवर्क नाहीतर एखादा स्लीप दडलेला सापडतो.

एक फाईल एकटी लोड होतच नसेल, तर ती बाकी सगळ्यांत गुंतलेली आहे. प्रीलोडर हा गुंता झाकतो, संथ टेस्ट तो दाखवून देते. म्हणून मला ती कटकट वाटत नाही, तक्रारपेटी वाटते. पेटीला कुलूप लावण्याआधी आतल्या चिठ्ठ्या वाचाव्यात, इतकंच.